लाभांश येतो कुठून? मुंबईचा १८६५चा शेअर-सट्टा, दाणा बंदर आणि आजची क्रिप्टो

#थ्रेड

१/
नवी मुंबईचे एपीएमसी मार्केट म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते कांद्याचे ट्रक, माथाडींची लगबग आणि मसाला बाजारातला नाकात शिरणारा मिरचीचा ठसका. शेअर बाजाराच्या इतिहासाशी या जागेचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो जमिनीचा आहे. ही जमीन मात्र तुर्भ्याची नव्हे. हे व्यापारी इथे येण्यापूर्वी जिथे बसत होते, त्या जमिनीची ही गोष्ट.

२/
मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ सालची. तिचा आधार १९६३चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा. मुंबई बेटावरची घाऊक बाजारपेठ खाडीपार न्यायची, ही सिडकोच्या नव्या शहराच्या आखणीतली एक मुख्य कल्पना होती. १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला असे पाचही बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्यात आले. त्याआधी धान्याचा घाऊक व्यापार चालत होता तो मशीद बंदर, दाणा बंदर, वाडी बंदर या पट्ट्यात.

३/
हा पट्टा १८६०पर्यंत बराचसा समुद्र आणि चिखल होता. तिथे भराव घालून जमीन उभी केली ती एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने. ही कंपनी मुंबईच्या पहिल्या मोठ्या शेअर-सट्ट्याच्या काळात भरभराटीला आली. म्हणजे आज तुर्भ्यात ज्यांच्या पेढीचा गाळा आहे, त्यांच्यापैकी अनेकांचे आजे-पणजे सट्ट्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या भरावावर बसून गहू-तांदूळ विकत होते. त्या सट्ट्याकडे वळू.

४/
एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. त्या गिरण्यांच्या कापसाचा फार मोठा हिस्सा तिकडूनच येत असे. उरला पर्याय हिंदुस्थानचा. आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला म्हणून एरवी नाके मुरडून घेतला जाणारा ‘सुरती’ कापूस लिव्हरपुलात चौपट भावाने विकला जाऊ लागला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड, जिथून मिळेल तिथून माल मुंबईच्या बंदरात येऊ लागला. गाद्या-उशा उसवून आतला कापूससुद्धा लोकांनी जहाजावर चढवला, असे तेव्हापासून सांगितले जाते.

५/
या चार वर्षांत नेहमीपेक्षा किती जास्त पैसा मुंबईत आला? जुन्या ग्रंथकारांचे अंदाज साधारण सात ते आठ कोटी पौंडांच्या घरात जातात. दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी हा काळ डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी पुढे १९१० साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आकड्याबद्दल वाद घालता येईल, पण परिणाम उघड आहे. शहराकडे अचानक इतका पैसा आला की तो ठेवायला जागा उरली नाही.

६/
सोने-चांदी घ्यावी, घरे बांधावीत, हे झालेच. पण त्याच सुमारास कायद्याने एक नवे दार उघडले होते. १८५७च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारीचे तत्त्व मिळाले आणि १८६०मध्ये ते बँकांनाही लागू झाले. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे घरदार जाणार नाही, हा त्याचा अर्थ. यातली एक पळवाट पुढे येईल, ती लक्षात ठेवा.

७/
कंपन्यांचे पीक आले. जानेवारी १८६५मधली जी गणती जुन्या ग्रंथांत मिळते, तिच्यात ३१ बँका, १६ ‘फायनान्शियल’ मंडळ्या, ८ भूमी कंपन्या आणि २० विमा कंपन्या आहेत. दहा वर्षांपूर्वी अशा कंपन्या फार थोड्या होत्या. १८६०मध्ये शहरात साठेक शेअर दलाल होते, त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. आणि त्या सगळ्यांचा म्होरक्या प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१, सुरतेचा जैन कुटुंबातला मुलगा, त्या काळात इंग्रजी जाणणारा म्हणून दुर्मिळ दलाल. नव्या कंपनीचे शेअर कुणाला किती द्यायचे, हे त्याच्या शब्दावर ठरे. त्याच्या हातची चिठ्ठी मिळाली की त्या क्षणीच नफा झाला, अशी अवस्था.

८/
सगळ्यांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल ते कुलाबा या किनाऱ्याला भराव घालून जमीन काढायची, काही भाग रेल्वेला द्यायचा, उरलेला विकायचा. योजना कागदावर वाईट नव्हती; आजचा मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंट पाहिले तर ती द्रष्टीही वाटेल. ५,००० रुपये भरलेला तिचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. जमिनीचा एक चौरस यार्डही अजून विकला गेला नव्हता.

९/
इथे थोडे थांबू, कारण आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. शेअर घेणाऱ्याला पैसा दोनच वाटांनी मिळतो. एक, कंपनी नफा कमावते आणि त्यातला वाटा देते, तो लाभांश. दुसरी, आपल्यापेक्षा जास्त भाव देणारा कुणी तरी भेटतो. पहिल्या वाटेत पैसा बाहेरून, म्हणजे कंपनीच्या गिऱ्हाइकाकडून येतो. दुसऱ्या वाटेत तो आपल्याच रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून येतो. दुसरी वाट पाप आहे असे मी म्हणत नाही. पण रांग संपली की ती वाटही संपते.

१०/
१८६४मध्ये या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या आणि तिथेच खरी गफलत झाली. ‘फायनान्शियल’ मंडळ्यांचा धंदा काय? शेअर तारण घेऊन कर्ज देणे. कर्ज घेणारा त्या पैशातून काय घेई? आणखी शेअर. मागणी वाढली की शेअर चढत, चढले की तारणाची किंमत वाढे, वाढली की आणखी कर्ज मिळे. त्या कर्जावरचे व्याज मंडळीच्या वहीत नफा म्हणून जमा होई. त्या नफ्याच्या भरवशावर लाभांशाची आशा, आणि त्या आशेवर मंडळीचा स्वतःचा शेअर वर. कागदोपत्री सगळे उत्पन्न खरे. पण या सबंध वर्तुळात बाहेरचे गिऱ्हाईक एकही नाही.

११/
लाभांश मिळतो म्हणून कंपनी भक्कम, हा समज त्यामुळे अपुरा आहे. लाभांश येतो कुठून, हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय त्या समजाला काही अर्थ नाही. आजचा कंपनी कायदा (२०१३, कलम १२३) लाभांश नफ्यातूनच, तोही घसारा वजा करून द्यावा असे सांगतो. असल्या नियमांमागे अशाच दुर्घटनांचा इतिहास आहे.

१२/
या वर्तुळात बँक ऑफ बॉम्बेही ओढली गेली. १८४०ची ही प्रेसिडेन्सी बँक. तिच्यात सरकारचाही हिस्सा होता, म्हणून लोकांच्या लेखी ती सरकारीच. १८६३च्या नव्या कायद्याने तिच्या कर्जव्यवहारावरची जुनी बंधने सैल केली आणि शेअरांच्या तारणावर तिने हात सैल सोडला. सरकार आहे ना, मग काय बुडणार? हे वाक्य आपल्याकडे किती जुने आहे पाहा.

१३/
आता मुदतीचे सौदे. १८६५च्या आरंभी लोकांनी शेअर घेतले ते आज पैसे देऊन नव्हे, तर १ जुलै १८६५ला पैसे देऊ या बोलीवर. तोवर भाव चढेल, मधला फरक खिशात पडेल. खिशात दमडी नसताना लाखांचे सौदे करता येत होते. वायदा, तेजी-मंदी हे शब्द धान्याच्या बाजारात जुनेच. कापसाच्या पैशाने ते शेअरांना चिकटले.

१४/
९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची बातमी मुंबईला येऊन धडकली आणि कापूस गडगडला. कापसाबरोबर शेअर. १ जुलै उजाडला तेव्हा ज्यांनी पैसे द्यायचे होते त्यांच्याकडे ते नव्हते, म्हणून ज्यांना मिळायचे होते त्यांनाही पुढचे देणे भागवता येईना. दिवाळखोरांची संख्या एवढी होती की सरकारला त्या सौद्यांसाठी १८६५चा २८वा कायदा हा खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेलेला. तो ८७ रुपयांना विकला गेला. बॅक बेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली.

१५/
आणि ती पळवाट. मर्यादित जबाबदारी म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीपुरती जबाबदारी. पण त्या काळात पुष्कळ शेअर अर्धवट भरलेले असत: दर्शनी किंमत मोठी, आत्ता थोडे भरा, उरलेले कंपनी मागेल तेव्हा. कंपनी बुडाल्यावर ती उरलेली रक्कम मागायला लिक्विडेटर दारात उभा. शेअर शून्य झाला तरी देणे शून्य झाले नाही. ‘जास्तीत जास्त घातले तेवढे जातील’ असे समजून चाललेल्यांना हे फार उशिरा कळले.

१६/
बुडाले कोण? केवळ सटोडिये नव्हेत. डॉ. भाऊ दाजी लाड, भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे, त्यांनाही या कोसळण्याचा जबर आर्थिक फटका बसला. शाळांना, ग्रंथालयांना, नाटकांना हात देणारा हा माणूस. त्याचे नुकसान एका घराचे नव्हते. जमशेटजी टाटा तेव्हा पंचविशीतले, हिंदी बँक उभारण्याच्या खटपटीसाठी लंडनला गेलेले. हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्या. ते धनकोंपुढे उभे राहिले, सगळी स्थिती उघड सांगितली, आणि धनकोंनी त्यांच्याच पेढीचा लिक्विडेटर म्हणून त्यांना नेमले.

शहराची अवस्था जनगणनेत दिसते. १८६४ची लोकसंख्या ८,१६,५६२. १८७२ची ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसे कमी! मोजणीच्या पद्धतींत फरक होता हे धरूनही हा आकडा पुरेसा बोलका आहे.

१७/
घाटावर काय झाले, हे मुंबईचे इतिहासकार बहुधा एका ओळीत उरकतात. तेजीच्या वर्षांत शेतमालाचे भाव चढले, सावकाराने हात सैल सोडला, शेतकऱ्याने कर्ज घेतले. भाव उतरल्यावर कर्ज राहिले. त्यात सरकारने शेतसाराही वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. ते दख्खनचे दंगे. कापसाच्या तेजीला त्यांचे किती श्रेय द्यायचे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि दंग्यांचा प्रदेश मुख्य कापूसपट्टा नव्हता हेही खरे. पण दलालाच्या हातची चिठ्ठी ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांच्यापर्यंतही तेजी-मंदी पोचली होती.

१८/
आता उलटी बाजू. सट्टा ओसरला, पण भराव ओसरला नाही. बॅक बे कंपनी संपली. तिने भरलेला पट्टा सरकारकडे आला. एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारने विकत घेतली, आणि १८७३मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा तो पाया ठरला. त्याच जमिनीवर धान्याची गोदामे आणि दाणा बंदर, तिथून शंभरेक वर्षांनी तुर्भे. प्रेमचंद रायचंदने तेजीच्या काळात विद्यापीठाला दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला, १८७८मध्ये. शेअर घेणाऱ्याला मात्र यातले काही मिळाले नाही. मालमत्ता खरी असणे आणि तिच्यावरच्या कागदाला आपण दिलेला भाव रास्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात या दोहोंची गल्लत रोज होते.

१९/
तोच कापूस, पण निराळा हिशेब हवा असेल तर नागपूरला चला. १८७४मध्ये जमशेटजींनी १५ लाखांच्या भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. १ जानेवारी १८७७ला तिची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस शेजारच्या शेतांतला, गिऱ्हाईक सूत विकत घेणारे. आरंभी यंत्रे हलकी निघाली आणि ती बदलावी लागली. पुढे रिंग स्पिंडलचा प्रयोग झाला. मग कुठे घसघशीत लाभांशासाठी या गिरणीचे नाव झाले. १८६५मध्ये हात पोळलेल्या माणसाने जागा निवडताना दलालांचा बाजार पाहिला नाही, कापसाचे शेत पाहिले, हे मला फार बोलके वाटते. अर्थात लाभांशही अमरपट्टा घेऊन येत नाही. २००२मध्ये ही गिरणी कायमची बंद झाली.

२०/
कापसाच्या आकड्याचा पुढचा प्रवास तर याहून विलक्षण. मुंबईत कापसाचे वायदे चालत, त्यामुळे न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद भाव तारेने येत. विसाव्या शतकाच्या मध्याला लोक त्या भावातल्या आकड्यांवरच पैसे लावू लागले. कापूस घ्यायचा नाही, विकायचा नाही, पाहायचाही नाही, फक्त आकडा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून ते भाव येणे थांबले, तर कुणाचे अडले नाही. मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते काढून आकडा ठरवू लागले. तो मटका. कापूस वजा झाला तरी बाजार चालू राहतो, हा मुंबईने जगाला दिलेला एक अस्सल शोध म्हणायला हरकत नाही.

२१/
आता क्रिप्टो. बिटकॉइनची साखळी ३ जानेवारी २००९ला सुरू झाली. एकूण नाणी २.१ कोटींहून जास्त होणार नाहीत. नोव्हेंबर २०२१मध्ये भाव ६८,००० डॉलरच्या पुढे, वर्षभरात १६,०००च्या आसपास, पुढे पुन्हा वर. त्याला मटका म्हणणे सोपे, पण मला ते अन्यायाचे वाटते. बिटकॉइनमागे तंत्र आहे, आणि ते कधी लाभांशाचे वचन देत नाही. नफा झालाच तर तो दुसऱ्या वाटेने, रांगेतल्या पुढच्या माणसाकडून, हे त्यात उघड आहे. माझी तक्रार आहे ती क्रिप्टोवर लाभांशाचा मुखवटा चढवणाऱ्यांबद्दल.

२२/
टेरा नावाच्या जाळ्यातली अँकर ही योजना ठेवींवर वर्षाला जवळजवळ २० टक्के देत असे. एवढे व्याज भरणारे कर्जदार नव्हते; तूट राखीव निधीतून भरली जाई. मे २०२२मध्ये सगळे काही दिवसांत कोसळले. १०/ पुन्हा वाचा. १८६४च्या फायनान्शियल मंडळ्या आठवतील.

आपल्याकडचे उदाहरण गेनबिटकॉइन. बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या. मग परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ या घरच्याच नाण्यात देऊ लागले, ज्याला बाहेर फारशी किंमत नव्हती. २०१८मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधारांना अटक केली. पुढे प्रकरण सीबीआयकडे गेले.

२३/
आणि एपीएमसीच्या अगदी शेजारचे. टोरेस नावाची दागिन्यांची दुकाने २०२४मध्ये दादर, मिरा रोड, कल्याण आणि आपल्या सानपाड्यातही उघडली. कृत्रिम खडा घ्या, दर आठवड्याला पैसे घ्या. जानेवारी २०२५मध्ये पैसे थांबले आणि दुकानांपुढे गर्दी उसळली. पोलिसांकडे तक्रार नोंदवणारा होता दादरचा एक भाजीविक्रेता. पैसा क्रिप्टोत बदलून परदेशी गेला, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. रोज पहाटे घाऊक बाजारात भाव पाडून घेणारा, पेंडीतली एक सडकी जुडी बरोबर ओळखणारा माणूस इथे का फसला? मला वाटते, कारण त्याला पैसे खरोखर मिळत होते. आठवड्यामागून आठवडा. मालाची पारख त्याला होती. आलेला पैसा कुणाच्या खिशातला, हे दाखवणारी पाटी त्या दुकानात नव्हती.

२४/
काही जणांनी डीएममध्ये विचारले होते म्हणून व्यवहाराचे थोडके. एप्रिल २०२०पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. जुलै २०२२पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. आणि लाभांशासाठी म्हणून आदल्या दिवशी शेअर घेणाऱ्यांनो, एक्स-डेटला भाव साधारण तेवढाच उतरून उघडतो. फुकट कुणी काही देत नाही.

२५/
नव्याण्णव टक्के लोक १८६५ची गोष्ट प्रेमचंद रायचंदपाशी थांबवतात. तुम्हाला पुढे वाचायचे असेल तर १८६८मध्ये बँक ऑफ बॉम्बेच्या बुडण्याची चौकशी करणाऱ्या जॅक्सन आयोगाकडे जा. कर्ज कुणाला, कशावर दिले, ते त्यात आहे. दलालांनी १८७५मध्ये आपली संघटना बांधली, प्रवेश फी एक रुपया; आजच्या बीएसईची ती सुरुवात. त्याच वर्षी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन निघाली आणि वायद्याला घर मिळाले.

पुढचा थ्रेड हत्ता पद्धतीवर: रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत, आणि उघड लिलावाचा कायदा येऊनही ती का टिकली. तुमच्या घरी कुणी मशीद बंदरहून तुर्भ्याला आलेल्या पेढीत अडत्या, मेहता किंवा माथाडी असेल, तर त्यांच्या आठवणी खाली लिहा.